परसातले ग्रिल आणि भरताची वांगी : एका घरगुती खरेदीचा प्रकरण अभ्यास

माझी मोठी बहीण आणि भाऊजी तळेगाव दाभाडे येथे एका रो-हाउसमध्ये राहतात. घर पाच जणांचे आहे: ते दोघे, महाविद्यालयात जाणारी दोन मुले आणि भाऊजींच्या आई. मूळ गाव जळगाव जिल्ह्यातील यावल तालुक्यात असल्यामुळे हिवाळा सुरू झाला की या घरात भरताच्या वांग्यांचा विषय निघतो आणि तो संक्रांतीपर्यंत संपत नाही. घरामागे सुमारे 4 मीटर लांब आणि 3 मीटर रुंद असे फरसबंद परस आहे, आणि तेथे बसवण्यासाठी एक चांगले ग्रिल घ्यावे असे त्यांनी एका दिवाळीत ठरवले. खर्चाची मर्यादा 25 हजार रुपये होती. माझी नोकरी पत्राकामाच्या आरेखनाशी संबंधित असल्यामुळे सल्ला माझ्याकडे मागितला गेला, आणि प्रश्न जसा दुकानात विचारला जातो तसाच विचारला गेला: गॅसवरचे घ्यावे की कोळशावरचे?

माझे पहिले उत्तर गॅस हे होते. ते चुकीचे ठरले. परंतु गॅस वाईट म्हणून नव्हे, तर प्रश्नच अपुरा होता म्हणून. तो कसा बदलत गेला हे या टिपणात नोंदवले आहे.

दुकानात जाण्यापूर्वी मी बहिणीला एकच काम सांगितले. पुढचे तीन आठवडे घरात जे काही भाजले जाईल, किंवा ग्रिल असते तर भाजले गेले असते, ते तारखेसह वहीत लिहून ठेवायचे. मुलांच्या बोलण्यातून आतापर्यंत चिकन तंगडी आणि पनीर टिक्का एवढेच ऐकू येत होते, त्यामुळे वहीतील यादी अनपेक्षित निघाली. वांगी पाच वेळा, मक्याची कणसे तीन वेळा, चिकन दोन वेळा, पनीर एकदा, रताळी एकदा, आणि वरण-बट्टी दोन वेळा. कणकेची ही बट्टी मी विचारातच घेतली नव्हती. शहरातल्या घरात ती उकडून, कापून तुपात तळली जाते. भाऊजींच्या आईंच्या आठवणीतली बट्टी मात्र गोवऱ्यांच्या आरावर भाजलेली असते, आणि तिला खालून तीव्र आच नको असते, तर चहूबाजूंनी सारखी ऊब हवी असते. वांग्याला याच्या नेमके उलट हवे असते. साल करपून तडकेपर्यंत जबर आच लागावी आणि आतला गर मात्र स्वतःच्याच वाफेत शिजावा, तेव्हा भरीत जमते. एकाच साधनाकडून या दोन्ही गोष्टी हव्या असतील तर इंधनाआधी आचेचा विचार करावा लागतो, हे त्या वहीमुळे लक्षात आले.

यादीच्या खाली बहिणीने आणखी एक ओळ लिहिली होती, आणि ती पुढे निर्णायक ठरली. सासूबाई माळकरी आहेत. घरात मांसाहार होतो, त्याला त्यांची हरकत नसते. परंतु ज्या जाळीवर कोंबडी भाजली त्या जाळीवर त्यांचे वांगे ठेवले जाणार नाही.

जागेची पाहणी एका दुपारी झाली. परसाच्या पश्चिमेला शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी भिंतीपासून दोन मीटरवर आहे, पूर्वेला पॉलिकार्बोनेटचे छप्पर असलेली गाडीची शेड आहे, आणि वारा बहुतेक वेळ पश्चिमेकडून येतो. वारा शेजाऱ्यांकडून आपल्याकडे येत असल्यामुळे धुराची तक्रार होण्याचा संभव कमी होता. पण तोच वारा उघड्या शेगडीतली राख अन्नावर उडवणार होता. बाहेर वापरता येईल असा विजेचा 16 अँपिअरचा पॉइंट परसात नव्हता. त्यामुळे विजेवरचे ग्रिल लवकरच बाजूला पडले. अशी ग्रिले साधारण 2000 वॉटची असतात, 230 व्होल्टवर ती पावणेनऊ अँपिअर घेतात, आणि घरातल्या 6 अँपिअरच्या साध्या पॉइंटवरून एक्स्टेंशन वायर ओढून ती चालवणे म्हणजे वायर तापवण्याचा कार्यक्रम होतो. सदनिकेच्या गॅलरीसाठी, जेथे कोळसा पेटवणे शेजारधर्माला धरून होत नाही, तेथे मी विजेचेच सुचवेन; येथे त्याची गरज नव्हती.

गॅसच्या बाजूने बरेच काही होते आणि ते मी मनापासून मांडले. तीन बर्नरचे, एकूण सुमारे 9 किलोवॉट क्षमतेचे ग्रिल पूर्ण आचेवर तासाला साधारण 700 ग्रॅम एलपीजी जाळते, म्हणजे 14.2 किलोचे घरगुती सिलिंडर सुमारे 20 तास पुरते. ते दहा-पंधरा मिनिटांत तापते, राख होत नाही, आणि कामावरून परतलेली बहीण मंगळवारी संध्याकाळीसुद्धा ते लावू शकते. हा शेवटचा मुद्दा लहान नाही, कारण ग्रिल कोण पेटवणार हे आधी ठरले नाही तर ते साधन दुसऱ्या वर्षी कुंड्या ठेवण्याच्या कामी येते.

अडचणी तपशिलात होत्या. दुकानातील दोन नमुने परदेशी बाजारासाठी बनलेले होते. त्यांच्या रेग्युलेटरची जोडणी आपल्या सिलिंडरच्या व्हॉल्व्हला बसत नव्हती आणि त्यांचे जेट, म्हणजे बर्नरला गॅस सोडणाऱ्या बारीक तोट्या, प्रोपेनसाठी छिद्रलेले होते, तर आपल्याकडील घरगुती गॅस हे प्रोपेन आणि ब्युटेन यांचे मिश्रण असते. विक्रेता व्यावसायिक सिलिंडरचा उच्च दाबाचा रेग्युलेटर लावून देण्यास तयार होता, आणि तेथेच मी त्याला थांबवले. घरगुती बर्नर ज्या कमी दाबासाठी बनवलेला असतो, त्यावर उच्च दाबाचा रेग्युलेटर बसवणे हे अपघाताला दिलेले आमंत्रण आहे. गॅसचे ग्रिल घ्यायचेच असेल तर भारतीय जोडणीसाठी बनलेले घ्यावे, नळी आयएसआय चिन्हाची सुरक्षा होज असावी, ती दीड मीटरहून लांब नसावी, तिच्यावर छापलेली मुदत संपली की ती बदलावी, आणि पेटवताना झाकण उघडे ठेवावे, कारण एलपीजी हवेपेक्षा जड असतो आणि बंद झाकणाखाली तो साचून राहतो.

तरीही मी गॅसच्याच बाजूने होतो. मत बदलले ते एका रविवारच्या प्रयोगामुळे.

बहिणीकडे एक जुनी लोखंडी शेगडी होती. बाजारातून एकाच गड्डीतली सहा वांगी आणली. दोन स्वयंपाकघरातल्या गॅसवर जाळी ठेवून भाजली, दोन शेगडीतल्या लोणारी कोळशाच्या निखाऱ्यांवर भाजली, आणि गर वेगवेगळ्या वाट्यांत, खुणा न सांगता, सासूबाईंपुढे ठेवला. कोळशावरचे वांगे त्यांनी लगेच ओळखले आणि ते अधिक चांगले शिजले आहे असेही सांगितले. पण ‘हे आपल्याकडचे भरीत नाही’ हा शेरा दोन्ही वाट्यांना सारखाच मिळाला. मग भाऊजींनी गावाहून आणलेल्या वाळलेल्या तुराट्यांची एक मूठ निखाऱ्यांवर टाकली, आणि उरलेली दोन वांगी त्या धुरात भाजली. त्या वाटीला पसंती मिळाली.

यात गूढ काही नाही. चांगला पेटलेला, वर राखेची पांढरी साय धरलेला कोळसा जवळजवळ धूर देतच नाही, कारण लाकडातले धूर देणारे घटक कोळसा बनतानाच निघून गेलेले असतात. धुराचा ओळखीचा वास येतो तो लाकडातले लिग्निन, म्हणजे लाकडाला टणकपणा देणारा घटक, जळताना सुटणाऱ्या ग्वायकोलसारख्या पदार्थांमुळे, आणि लिग्निन असते ते तुराट्या-पऱ्हाट्यांत. खानदेशात वांगी ज्यावर भाजतात ते इंधन म्हणजे शेतातल्या कापसाच्या आणि तुरीच्या काड्या. त्यामुळे तिथल्या भरताची चव त्या काड्यांची असते, कोळशाची नसते. ‘कोळशाची चव’ म्हणून जे विकले जाते, त्यातला मोठा भाग निखाऱ्यावर ठिबकून जळणाऱ्या चरबीचा आणि मसाल्याचा असतो. वांग्याला चरबी नसते.

कोळशाने काय दिले, तर आच दिली. लालबुंद निखाऱ्याचे तापमान 700 अंश सेल्सियसच्या आसपास असते. गॅसच्या ग्रिलमध्ये ज्योतीवर असलेली पत्र्याची पन्हाळी, जिच्यातून अन्नाला उष्णता मिळते, ती समजा 350 अंशांपर्यंत तापते. उष्णतेचे उत्सर्जन निरपेक्ष तापमानाच्या, म्हणजे उणे 273 अंशांपासून मोजलेल्या तापमानाच्या, चौथ्या घाताने वाढत असल्यामुळे तेवढ्याच क्षेत्रफळाचा निखारा त्या पत्र्याच्या सुमारे सहापट उष्णता फेकतो. वांग्याची साल म्हणूनच निखाऱ्यावर काही मिनिटांत करपते आणि मंद आचेच्या ग्रिलवर वांगे साल तडकण्याआधीच मऊ पडून बसते.

म्हणजे गरज अशी ठरली: एका बाजूला जबर आच, दुसऱ्या बाजूला मवाळ ऊब, वर मूठभर काड्या टाकून कोंडता येईल असा धूर, आणि दोन वेगळ्या जाळ्या. काड्यांची राख गॅसच्या बर्नरच्या छिद्रांत पडणे परवडणारे नव्हते. उघडी शेगडी बट्टी भाजू शकत नव्हती. उरले ते झाकणाचे, कोळशाचे ग्रिल.

येथे झाकणाविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण आपल्याकडे ग्रिल म्हणजे शेगडीचाच थोरला भाऊ असा समज आहे आणि झाकण हा दिखाऊपणा मानला जातो. सासूबाईंनीही ‘झाकण कशाला, फुंकर कुठून घालायची?’ असे विचारलेच. शिकागोतल्या एका पत्राकामाच्या कारखान्यात बोयऱ्यांचे, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या खुणांचे, धातूचे गोळे बनत. तेथे काम करणाऱ्या जॉर्ज स्टीफन यांनी 1952 मध्ये असाच एक गोळा मधोमध कापून त्याचे भांडे आणि झाकण बनवले. आज जगभर दिसणारे गोल, किटलीच्या आकाराचे ग्रिल त्यातून आले. झाकणामुळे वारा आणि राख यांचा त्रास जातो, पण त्याचे खरे काम हवेचा पुरवठा मोजून देणे हे आहे. खालची झडप जितकी उघडी तितका कोळसा प्रखर. वरची झडप धूर आणि गरम हवा बाहेर सोडते आणि त्यामुळे खालून नवी हवा ओढली जाते. कोळसा एका बाजूला रचून अन्न दुसऱ्या बाजूला ठेवले आणि झाकण लावले, की तीच शेगडी भट्टी बनते. चिकनच्या जाड तुकड्याचे आतले तापमान 74 अंशांपर्यंत न्यायचे असेल आणि बाहेरचा मसाला जाळायचा नसेल, तर यासारखा दुसरा सोपा मार्ग नाही. फुंकर घालण्याची गरज पडत नाही, आणि चरबीचा भडका उडाला तर झाकण लावताच तो बसतो.

तळेगावहून चाकण जवळ, त्यामुळे फॅब्रिकेटरकडून बनवून घेण्याचा पर्याय स्वाभाविकपणे पुढे आला. 200 लिटरचा बॅरल उभा कापून, बिजागऱ्या लावून, पायांवर बसवून 6 हजारांत देण्याची तयारी एकाने दाखवली. मला हा पर्याय मनापासून आवडतो. लग्नघराला किंवा गच्चीवरच्या तीस माणसांच्या जेवणाला यापेक्षा योग्य काही नाही. मात्र बॅरलात पूर्वी काय होते हे खात्रीने कळले पाहिजे, आतला रंग किंवा लेप प्रखर जाळ करून पूर्ण जाळून टाकला पाहिजे, आणि कोठेही जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला, पत्रा वापरू देता कामा नये. जस्ताचा मुलामा प्रखर आचेवर जस्ताच्या ऑक्साइडचा धूर सोडतो आणि तो श्वासात गेला की तापासारखी लक्षणे दिसतात. बॅरलची लांबी सुमारे 88 सेंटीमीटर असते, म्हणजे जाळी पाच माणसांच्या घराला हवी त्याच्या दुपटीहून मोठी, आणि कोळसाही त्याच प्रमाणात. शिवाय कापलेल्या पत्र्याच्या कडा कधीच नीट मिटत नाहीत, आणि झाकण गळके असले की झडपांना अर्थ उरत नाही. बट्टीने हा पर्याय मागे टाकला.

गोल ग्रिल दोन मापांत मिळत होते, 47 आणि 57 सेंटीमीटर. विक्रेता माणसे मोजतो. मी वांगी मोजली. भरताचे एक मोठे वांगे आडवे ठेवले तर साधारण 180 चौरस सेंटीमीटर जागा घेते. 57 सेंटीमीटरच्या ग्रिलची जाळी प्रत्यक्षात 54 सेंटीमीटर व्यासाची धरली तर तिचे क्षेत्रफळ 2290 चौरस सेंटीमीटर होते, पण निखारे अर्ध्याच भागात असल्यामुळे प्रखर आचेची जागा त्याच्या निम्मी, म्हणजे सहा वांग्यांची. लहान मापात चार. पाच माणसे आणि एखादा पाहुणा यांना सहा वांगी लागतात, म्हणून मोठे माप घेतले. वर्षातून एकदा येणाऱ्या वीस पाहुण्यांचा हिशेब यात धरला नाही, आणि तो धरू नये असे माझे मत आहे.

धातूच्या पारखीत एक गैरसमज सर्रास दिसतो. लोहचुंबक चिकटला नाही म्हणजे स्टेनलेस स्टील उत्तम, असे दुकानदार सांगतात. चुंबक न चिकटणे हे 304 या चांगल्या प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे लक्षण आहे खरे, पण तेच 202 या हलक्या प्रतीचेही आहे. त्यात निकेल कमी आणि मँगेनीज जास्त असते, आणि ते पावसात लवकर डागाळते. चुंबकाने फक्त 430 सारखे चिकटणारे प्रकार वेगळे करता येतात. त्यामुळे जाळीची प्रत बिलावर लिहून घेतली. क्रोमचा मुलामा दिलेल्या जाळ्या स्वस्त होत्या, पण तारेच्या ब्रशने दोन हंगामांत मुलामा निघू लागतो. बिडाची जाळी आच सर्वांत चांगली धरून ठेवते आणि कणसावर सुरेख पट्टे उठवते. तिला बिडाच्या तव्यासारखी तेलाची सवय लावावी लागते आणि मावळच्या पावसात ती विसरून चालत नाही. शेवटी 304 च्या दोन जाळ्या घेतल्या. सासूबाईंच्या जाळीच्या कडीला लाल दोरा बांधला आणि ती स्वयंपाकघरात वेगळी टांगली. शाकाहारी पदार्थ नेहमी आधी भाजायचे, हा नियमही तेव्हाच झाला. भारतीय बनावटीचे, इनॅमल केलेले ग्रिल, दुसरी जाळी, कोळसा पेटवण्याची पत्र्याची चिमणी आणि लांब चिमटा मिळून खर्च मर्यादेच्या आत राहिला.

वापरात आलेल्या अडचणी लिहिल्याशिवाय हे प्रकरण पुरे होणार नाही. पहिली अडचण कोळशाची. रस्त्याकडेच्या वखारीतून आणलेले पहिले पोते निम्मे ओलसर होते आणि त्यात तपकिरी, अर्धवट जळलेली लाकडे होती. ती धुमसत राहिली आणि ठिणग्या उडाल्या. आता भाऊजी दोन तुकडे एकमेकांवर आपटून पाहतात: चांगला कोळसा हलका असतो आणि त्याचा आवाज खणखणीत येतो. चिमणीत खाली कागद आणि वर कोळसा घातला की वीस मिनिटांत निखारे तयार होतात, रॉकेलचा थेंबही लागत नाही.

दुसरी अडचण गंभीर होती. जून महिन्यात अचानक पाऊस आला तेव्हा मुलांनी ग्रिल गाडीच्या शेडमध्ये ओढले आणि झड लागू नये म्हणून उघड्या बाजूला ताडपत्री सोडली. दहा-पंधरा मिनिटांत बहिणीचे डोके दुखू लागले. धूर काहीच नव्हता, आणि धोका नेमका त्यातच होता. पेटलेल्या कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो आणि वासही नसतो. ग्रिल लगेच बाहेर काढून पावसात सोडले, कणसे वाया गेली. तेव्हापासून पाऊस आला तर झाकण लावून, दोन्ही झडपा बंद करून ग्रिल जागेवरच सोडायचे आणि सर्वांनी घरात यायचे, असे ठरले आहे. ही चूक माझ्याही सल्ल्यातली होती. जागेची पाहणी करताना मी वाऱ्याची दिशा मोजली, पण पावसात माणसे काय करतील याचा विचार केला नाही.

तिसरी अडचण राखेची. पावसाळ्यात ग्रिल झाकून ठेवले, परंतु आतली राख काढली नव्हती. दसऱ्याला उघडले तेव्हा ओल धरून तिचा चिखल झाला होता आणि खालची अॅल्युमिनियमची तबकडी जागोजाग खाल्ली गेली होती, कारण ओली राख अल्कधर्मी असते आणि अॅल्युमिनियमला ती सोसत नाही. खालची झडपही अडकली होती; ती तेल सोडून हळूहळू मोकळी केली. नवी तबकडी मागवण्याऐवजी भाऊजींनी बाजारातून एक लहान लोखंडी घमेले आणून खाली टांगले. निखारे रात्रभर जिवंत राहू शकतात, म्हणून राख दुसऱ्या दिवशी संध्याकाळी झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात काढली जाते आणि मगच गुलाबांना घातली जाते.

आठवड्याच्या मधल्या दिवशी वांगे भाजायचे झाले तर ते आजही स्वयंपाकघरातल्या गॅसवरच भाजले जाते, आणि माझ्या मूळ सल्ल्याला एवढाच अर्थ उरला आहे. परसातले ग्रिल महिन्यातून दोन-तीन रविवारी पेटते. वांगी उतरली की निखारे एका कडेला लोटून, झडपा निम्म्या मिटून, दुसऱ्या कडेला बट्ट्या मांडल्या जातात. त्या दर दहा मिनिटांनी फिरवण्याचे काम सासूबाईंनी स्वतःकडे घेतले आहे. फुंकणी त्यांनी शेजारी ठेवलेली असते. ती अजून एकदाही वापरावी लागलेली नाही.